वाचक विचारतात : सेव्हिलचे सौदागर आणि पोटोसीची चांदी

गेल्या अंकात सुरतेच्या टांकसाळीवर लिहिलं होतं. सतराव्या शतकात तिथे रुपये पाडायला जी चांदी यायची, तिचा मोठा भाग स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेच्या, पोटोसीसारख्या खाणींतला होता. ती चांदी हलवणारे व्यापारी ‘कोन्सुलादो’ नावाच्या संघांत बांधलेले होते, एवढं ओझरतं सांगून मी पुढे गेलो. वाचक मात्र तिथेच थांबले. गुळवाले, चांदीवाले, कापडवाले अशा सगळ्यांची पत्रं आली, तेव्हा या महिन्याचं सदर त्यांच्याच नावावर. टांकसाळीबद्दल कुणी एक अक्षर विचारलेलं नाही, याची नोंद घेतली आहे.

“सर, शाहूपुरीत आमचं तीन पिढ्यांचं गुळाचं अडत दुकान आहे. पेमेंटवरून दोन व्यापाऱ्यांत वाजलं की आधी असोसिएशनकडे जायचं, कोर्टाची पायरी शेवटी, अशी आमची रीत. स्पेनच्या त्या संघांना खुद्द कोर्टाचेच अधिकार होते, हे खरं का? आणि असले तर राजानं ते दिले कशासाठी?” (अडत व्यापारी, शाहूपुरी)

खरं आहे. आणि तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जड आहे, त्यामुळे थोडं मागून सुरुवात करतो.

सेव्हिल हे ग्वादाल्किव्हिर नदीवरचं, समुद्रापासून बरंच आत असलेलं बंदर. कोलंबसानंतर दहा-अकरा वर्षांतच, १५०३ मध्ये, राजदरबारानं तिथे ‘कासा दे कोंत्रातासिओन’ ही कचेरी उघडली. अमेरिकेला जाणारं जहाज, त्यावरचा माल, त्यावरचा माणूस, सगळ्याची नोंद या कचेरीत. ही सरकारची बाजू झाली. व्यापाऱ्यांची बाजू उभी राहिली १५४३ मध्ये, सेव्हिलच्या कोन्सुलादोच्या रूपानं. कल्पना नवी नव्हती. लोकरीच्या व्यापारासाठी बुर्गोसला १४९४ मध्ये आणि बिल्बाओला १५११ मध्ये असे संघ आधीच मंजूर झाले होते. सेव्हिलच्या संघाच्या हातात मात्र अख्ख्या अमेरिकेचं दार आलं.

त्याआधी सेव्हिलचे सौदे कुठे चालायचे? कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर. हुंडी तिथे, लिलाव तिथे, जहाजाचं भाडं ठरवायचं तर तेही तिथेच. ऊन चढलं किंवा पाऊस आला की ही मंडळी सरळ चर्चच्या आत घुसायची, आणि जनावरंसुद्धा आत यायची. देवाच्या दारात चाललेला हा बाजार आर्चबिशपना सोसवेना, तेव्हा त्यांनी राजा दुसरा फेलिपे याच्याकडे तक्रार केली. मग मालावर पट्टी बसवून व्यापाऱ्यांसाठी वेगळी इमारत बांधायचं ठरलं. आराखडा हुआन दे एर्रेराचा, काम सुरू झालं १५८४ मध्ये. कॅथेड्रलला लागूनच ती दगडी चौसोपी वास्तू आजही उभी आहे. १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसनं तिथे अमेरिकेच्या कारभाराची कागदपत्रं गोळा करायला सुरुवात केली. स्पॅनिश साम्राज्यावर काम करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला कधी ना कधी तिथे जावं लागतं, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच घरात बसून व्यापाऱ्यांचे कागद वाचायचे.

आता कोर्ट. संघातले व्यापारी आपल्यातूनच एक ‘प्रायर’ आणि दोन ‘कॉन्सुल’ निवडायचे. व्यापारातला तंटा, म्हणजे भागीदारी मोडली, हुंडी परत आली, माल भिजून पोचला, जहाजाच्या भाड्यावरून बिनसलं, की प्रकरण या तिघांपुढे जायचं. आधी दोन्ही बाजूंना समोर बोलावून तोंडी ऐकायचं आणि मिटतंय का बघायचं. नाही मिटलं तर लेखी. मात्र वकिलानं लिहून दिलेला कागद दिसला की तो परत. अपील व्हायचं ते एका सरकारी न्यायाधीशापुढे, पण त्याच्या शेजारी पुन्हा दोन व्यापारी बसलेले असायचे. नेहमीच्या कोर्टात एखादं प्रकरण वर्षानुवर्षं कुजायचं आणि जहाजाला तर वाऱ्याचा हंगाम गाठायचा असतो. त्यामुळे या झटपट न्यायाची व्यापाऱ्याला किती किंमत होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मेक्सिको शहराच्या संघाला १५९२ मध्ये मंजुरी मिळाली. लिमाचा संघ प्रत्यक्षात १६१३ मध्ये सुरू झाला. सभासद व्हायचं तर घाऊक, दर्यापारचा व्यापार हवा. दुकानात मापानं विकणारा, पगारी गुमास्ता आणि परदेशी माणूस यांना मत नव्हतं. मेक्सिकोत निवडणुकीला दोन पॅनेलं असायची, एक बास्क मुलखातून आलेल्यांचं आणि दुसरं सांतांदेरकडच्या डोंगराळ भागातून आलेल्या ‘मोंतान्येसें’चं. भांडणं इतकी विकोपाला जायची की १७४२ मध्ये सरकारनं आळीपाळीची व्यवस्था लावून दिली.

राजानं हे सगळं दिलं कशासाठी? पैशासाठी, दुसरं काही नाही. राजा कायम लढाईत, म्हणजे कायम कर्जात. संघ त्याला कर्ज द्यायचा, ‘नजराणा’ द्यायचा, आरमाराच्या खर्चाची पट्टी वसूल करून द्यायचा. मेक्सिको शहरातला विक्रीकर गोळा करायचा मक्ता तर अठराव्या शतकात १७५३ पर्यंत व्यापाऱ्यांच्या संघाकडेच होता. जो कर भरणार तोच कर गोळा करणार! बदल्यात राजा म्हणायचा, अमेरिकेशी व्यापार तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला मी दार उघडत नाही. पुस्तकांत याला ‘राजानं बहाल केलेली मक्तेदारी’ म्हणतात. मला तो शब्दप्रयोग कधीच पटला नाही. बहाल कसली, दोनशे वर्षं हप्ते भरून विकत घेतलेली होती ती.

“हुपरीत आमच्या घरी आजोबांपासून पैंजणांचं काम आहे. त्या पोटोसीच्या चांदीचा टंच काय असायचा? आणि एवढी चांदी डोंगरातून बंदरापर्यंत न्यायची म्हणजे वाटेत चोरीमारी होत नव्हती काय?” (चांदी कारागीर, हुपरी)

हुपरीचा माणूस आधी टंच विचारणार, हे अपेक्षितच होतं. म्हणून टंचच आधी.

आठ रियालांचं नाणं म्हणजे पेसो. वजन साधारण २७ ग्रॅम. १४९७ च्या कायद्यानं ठरलेली शुद्धता हजारात सुमारे ९३०. १७२८ मध्ये ती उघडपणे ९१७ च्या आसपास आणली. त्यानंतरची गंमत तुम्हाला आवडेल. १७७२ मध्ये सरकारनं ती गुपचूप ९०३ पर्यंत उतरवली आणि १७८६ मध्ये पुन्हा गुपचूप ८९६ पर्यंत. नाण्यावर राजाचा चेहरा झकास, काठ सुबक, आणि आतला टंच घसरलेला. टांकसाळीच्या अधिकाऱ्यांना तोंड बंद ठेवायचे हुकूम होते. पण कसोटीच्या दगडाला हुकूम लागू नसतो, चीनपर्यंतच्या सराफांना फरक कळत होता.

त्याहून मोठं प्रकरण १६४९ चं. पोटोसीच्या टांकसाळीतच चांदीत तांबं वाढवून नाणी पाडली जात होती. चांदीचे बडे व्यापारी आणि टंच काढणारे अधिकारी यांचं हे संगनमत. युरोपात सावकार पोटोसीचं नाणं घेईनासे झाले, तेव्हा माद्रिदनं फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन याला चौकशीला पाठवलं. त्यानं टंच-अधिकारी फेलिपे रामिरेझ दे आरेयानो आणि गडगंज चांदी-व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या दोघांनाही देहान्ताची शिक्षा दिली. जुन्या नाण्यांची किंमत उतरवली आणि १६५२ पासून शिक्काच बदलला, दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा असा. जुन्या नाण्यांच्या संग्रहात पोटोसीचं नाणं दिसलं तर आधी साल बघा.

आता वाट. पोटोसीचा डोंगर आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटरच्या वर. तिथे चांदी सापडली १५४५ मध्ये. सुरुवातीची वरवरची उंची धातूमाती संपल्यावर पाऱ्याशिवाय चांदी सुटेना, आणि पारा यायचा पेरूतल्या हुआन्काव्हेलिकातून किंवा थेट स्पेनमधल्या आल्मादेनहून. पारा सरकारच्या हातात होता, त्यामुळे कुणी किती चांदी काढली याचा अंदाज सरकारला पाऱ्याच्या विक्रीवरून यायचा. खाणीत उतरायला मजूर कुठून? १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोनं आसपासच्या प्रांतांवर वेठ बसवली, दरवर्षी तेरा हजारांवर पुरुष आळीपाळीनं. व्यापाऱ्यांच्या गोष्टीत ही माणसं दिसत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

लगडी आणि नाणी लामा आणि खेचरांच्या पाठीवरून आरिका बंदराला, तिथून गलबतानं लिमाच्या काय्याओला, तिथून पनामाला. पनामाची चिंचोळी जमीन पुन्हा खेचरांवरून ओलांडायची आणि पलीकडे पोर्तोबेलो. स्पेनहून लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात आलेला तांडा तिथे थांबलेला असायचा. एरवी पोर्तोबेलो म्हणजे दलदलीतलं डास-चिलटांचं गाव. जत्रा भरली की तिथे दोन खंडांचा पैसा. टॉमस गेज नावाचा इंग्रज धर्मगुरू १६३७ मध्ये तिथे होता. एका दिवसात चांदी लादलेली दोनशे खेचरं त्यानं मोजली. लगडी बाजाराच्या चौकात दगडांच्या ढिगाऱ्यासारख्या उघड्यावर पडलेल्या होत्या आणि कुणाला त्यांची धास्ती नव्हती. भीती होती ती तापाची. त्या एका जत्रेत पाचशेच्या आसपास माणसं मेली, असं तो सांगतो. आणि खोलीचं भाडं? झोपण्यापुरत्या बिळासाठी पंधरा दिवसांचे १२० क्राउन मागितले, म्हणून गडी करवादला आहे.

भाव कसा ठरायचा तेही बघा. एका बाजूला सेव्हिलच्या संघाचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला लिमाच्या संघाचे. आरमाराचा सेनापती आणि पनामाचा गव्हर्नर यांच्यासमोर बसून ते दर ठरवायचे. एकदा ठरला की सगळ्यांना तोच. शिवाय माल मुळात कमी आणायचा, जहाजं कमी सोडायची, एक जत्रा झाली की दुसरीला कित्येक वर्षं लावायची, की लिमाचा व्यापारी म्हणाल तो भाव देतो. संघाची खरी कमाई मालात नव्हती, तुटवड्यात होती.

चोरीमारीचं उत्तर थोडं वाकडं आहे. चाचे होतेच. १६२८ मध्ये पीट हाइन या डच दर्यासारंगानं क्युबातल्या मातान्झासच्या खाडीत मेक्सिकोचा अख्खा चांदी-तांडा पकडला. पण व्यापाऱ्याला रोजची धास्ती चाच्याची नसून राजाची होती. पहिला कार्लोस आणि त्याचा मुलगा, दोघांनीही अडचणीच्या वेळी सेव्हिलला उतरलेली खासगी चांदी जप्त केली आणि हातात सरकारी रोखे टेकवले. मग व्यापारी शिकले. कासाच्या वहीत निम्मी चांदी लिहायची, निम्मी पिंपाच्या तळाशी नाहीतर कादिझच्या उपसागरात रात्री परक्या जहाजावर. सरकारही शिकलं. संघाकडून एकरकमी दंड आगाऊ घ्यायचा आणि झडती घ्यायचीच नाही. १६६० मध्ये तर चांदी नोंदवायची सक्तीच उठवली. यातली बरीच चांदी लंडन-ॲमस्टरडॅमला गेली, तिथून कंपन्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि सुरतेत वितळून रुपया झाली.

“मी शिवाजी विद्यापीठात इतिहासात एम.ए. करते, गाव गडहिंग्लज. तुमच्या लेखांत राजा असतो, व्यापारी असतो. सर, तिथल्या शेतकऱ्यापर्यंत हा संघ पोचत होता का? आणि पोचत असेल तर कसा?”

टोमणा पोचला. उत्तरही तुम्हाला आवडेल असंच आहे, कारण गडहिंग्लजच्या बाजूला ऊस आणि गूळ दोन्ही आहेत.

दक्षिण मेक्सिकोत ओआहाका नावाचा प्रांत आहे. तिथे निवडुंगाच्या पानांवर एक बारीक किडा वाढवतात. किडे हलक्या हातानं पानावरून झाडून घ्यायचे, मारायचे, वाळवायचे, की त्यांतून गडद लाल रंग मिळतो, कोचिनिल. एक पौंड सुक्या रंगाला साधारण सत्तर हजार किडे लागतात. युरोपात सरदारांचे झगे आणि इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे कोट रंगायचे ते याच रंगानं. मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीनंतरचा हा माल. आणि तो मळ्यांत नाही, मूळच्या रहिवाशांच्या घराघरांमागच्या तुकड्यांवर पिकायचा.

मेक्सिको शहरातल्या कोन्सुलादोचा व्यापारी त्या खेड्यात कधी जायचा नाही. जायचा तो ‘आल्काल्दे मायोर’, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी अधिकारी. त्याला पगार नावापुरता, नेमणूक बहुतेक वेळा पैसे मोजून घेतलेली, आणि वर जिल्ह्याच्या कराबद्दल जामीन द्यावा लागायचा. जामीन कोण राहणार? मेक्सिकोचा व्यापारी. भांडवलही त्याचंच. मग हा अधिकारी गावोगाव रोकड वाटायचा, पौंडामागे १२ रियाल. रंग तयार झाला की त्याच भावानं माल उचलायचा. १७७० च्या सुमाराला तेजीत बाजारभाव ३० रियालांच्या आसपास होता.

माझे वडील शाहूपुरीत एका अडत दुकानात दिवाणजी होते. गुऱ्हाळ पेटायच्या आधी शेतकऱ्यांना दिलेली उचल ते लाल वहीत लिहायचे, आणि रवे आले की पट्टीतून अडत, तोलाई, हमाली आणि उचल वजा होऊन उरलेले पैसे शेतकऱ्याच्या हातावर पडायचे. पट्टीवरचा शेवटचा आकडा ऐकताना शेतकऱ्याचा चेहरा मी लहानपणी पुष्कळदा बघितला आहे. ओआहाकाची व्यवस्था समजायला मला वेगळं पुस्तक लागलं नाही. पण फरक कुठे आहे तेही सांगतो. आपल्या शेतकऱ्याला निदान पुढच्या साली दुसऱ्या अडत्याच्या दारात जाता येत होतं, आणि अगदीच अन्याय झाला तर मामलेदार तिसरा माणूस होता. ओआहाकात उचल देणारा, माल उचलणारा आणि न्याय करणारा एकच, तोच आल्काल्दे मायोर. वर शाहूपुरीच्या वाचकांना मी संघाच्या झटपट कोर्टाचं कौतुक सांगितलं, ते मागे घेत नाही. फक्त ते कोर्ट व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतलं होतं. खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला आलेलं कोर्ट त्याच व्यापाऱ्याच्या कर्जात बुडालेलं होतं.

अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की ही सगळी जबरदस्ती नव्हती. दुसरं कुणी कर्ज द्यायला तयारच नव्हतं, बुडीत कर्जं पुष्कळ होती, आणि १२ आणि ३० मधल्या फरकात त्या जोखमीची किंमत धरली पाहिजे. मुद्द्यात दम आहे. सरकारनं १७८६ मध्ये ही पद्धत बंद केली, तरी रंगाचं उत्पादन १७७४ मध्ये जे पंधरा लाख पौंडांवर गेलं होतं तिथे पुन्हा पोचलं नाही. पण ‘दुसरं कुणी कर्ज देत नव्हतं’ हे कारण मला अर्धवट वाटतं. दुसऱ्याला येऊ कोण देत नव्हतं? तुम्ही प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा प्रश्न घ्या.

पेरूत हेच फार वाईट थराला गेलं. तिथे अधिकारी रोकड देण्याऐवजी खेचरं आणि कापड मनमानी भावानं गळ्यात मारायचे, नको असलं तरी. १७५० च्या दशकात सरकारनं त्याला कायदेशीर रूप दिलं. नोव्हेंबर १७८० मध्ये तुपाक आमारूनं बंडाची सुरुवात केली ती आंतोनियो दे आर्रियागा या अशाच एका अधिकाऱ्याला फासावर चढवून. तुपाक आमारू स्वतः पोटोसीच्या वाटेवर खेचरांचे तांडे चालवणारा माणूस होता, त्यामुळे हा हिशेब त्याला तोंडपाठ असणार. बंड मोडल्यावर त्याला कुस्कोच्या चौकात हालहाल करून मारलं, पण ती सक्तीची विक्री बंद करावी लागली.

“आपल्याकडचं कापड त्या बाजूला जात होतं का?” (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

जात होतं, पण उलट्या दिशेनं फिरून. फिलिपिन्समधलं मनिला स्पेनच्या ताब्यात होतं. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते मेक्सिकोतलं अकापुल्को अशी जहाजं चालली. जाताना मुख्यतः चिनी रेशीम, आणि त्याच्या जोडीला कोरोमंडल आणि बंगालचं सुती कापड, येताना चांदी. हे कापड मद्रासकडून मनिलाला नेणाऱ्यांत आर्मेनियन व्यापारी पुष्कळ होते. सेव्हिलच्या संघाला हे खुपायचं, कारण आशियाई कापड स्वस्त आणि सरस. त्यांच्या ओरडीमुळे १५९३ मध्ये मर्यादा घातली, मनिलाहून वर्षाला अडीच लाख पेसोंचाच माल आणि परतीला पाच लाखांचीच चांदी. मर्यादा कागदावर राहिली. जहाजातली जागा मनिलाच्या रहिवाशांना चिठ्ठ्यांवर वाटून दिलेली असायची, विधवांनासुद्धा. ज्याच्याकडे भांडवल नाही तो आपली चिठ्ठी व्यापाऱ्याला विकून वर्षभराचा खर्च काढायचा. मनिलाला स्वतःचं कोन्सुलादो मिळालं ते पार १७६९ मध्ये.

“आपल्या भागात असे संघ कधी होते का?” (निवृत्त शिक्षक, मिरज)

होते, आणि सेव्हिलच्या चारशे वर्षं आधी. शिलाहारांच्या काळातल्या कोल्हापूर आणि मिरजेकडच्या शिलालेखांत ऐहोळेच्या ‘पाचशे स्वामीं’चा, वीरबणंज व्यापाऱ्यांचा, उल्लेख येतो. बाजारात येणाऱ्या मालावर मंदिरासाठी किती द्यायचं, हे ते मिळून ठरवायचे. यावर सवडीनं वेगळं लिहीन, दोन ओळींत उरकायचा विषय नाही.

“एवढी ताकद होती, तर हे संघ बुडाले कसे?” (चार्टर्ड अकाउंटंट, राजारामपुरी)

आतून पोखरले गेले होते, दिसायला वेळ लागला. सतराव्या शतकाच्या शेवटी सेव्हिल आणि कादिझहून जाणारा बहुतेक माल स्पेनचा नव्हताच. कापड फ्रेंच, डच, इंग्रज, वर नाव स्पॅनिश व्यापाऱ्याचं. परक्याला आत येऊ न देणारा संघ कमिशन घेऊन परक्याला नाव भाड्यानं देत होता. दुसऱ्या टोकाला ब्युनोस आयरेस. कायद्यानं तिथला माल पनामा, लिमा आणि आंदीज पर्वत ओलांडून यायला हवा! लिमाच्या व्यापाऱ्यांच्या हितासाठी १६२२ मध्ये कोर्दोबाला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जकातनाका बसवला. साहजिकच ब्युनोस आयरेसची निम्मीअधिक गिऱ्हाइकी चोरट्या मालावर चालली.

१७१३ च्या तहात इंग्रजांना दोन सवलती मिळाल्या, वर्षाला ४,८०० गुलाम विकायची आणि पाचशे टनांचं एक जहाज जत्रेला पाठवायची. ते एक जहाज रिकामं होईना. रात्री शेजारच्या होड्यांतून ते पुन्हा भरलं जातं, अशी स्पॅनिश व्यापाऱ्यांची ओरड होती. १७३९ मध्ये इंग्रज आरमारानं पोर्तोबेलोच जिंकून तिथली तटबंदी उडवली. त्यानंतर जत्रेची घडी बसली नाही, सुटी जहाजं परवाना घेऊन जाऊ लागली. १७७८ मध्ये तिसऱ्या कार्लोसनं स्पेनमधली तेरा बंदरं आणि अमेरिकेतली बहुतेक बंदरं एकमेकांना खुली केली. मेक्सिको आणि व्हेनेझुएला त्यात यायला १७८९ उजाडलं. मेक्सिकोच्या जुन्या बड्या व्यापाऱ्यांनी अर्ज-विनंत्या, रडारड सगळं केलं, आणि मग त्यांतल्या पुष्कळांनी भांडवल काढून खाणींत आणि जमिनीत घातलं. व्यापारी म्हणून तो निर्णय शहाणपणाचा होता, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र मजेशीर. सरकारनं संघ मोडले नाहीत, उलट वाढवले. १७९३ ते १७९५ या तीन वर्षांत काराकास, ग्वातेमाला, ब्युनोस आयरेस, हवाना, व्हेराक्रूझ, ग्वादालाहारा, कार्ताहेना, सांतियागो अशी आठ नवी कोन्सुलादो निघाली. मक्ता एकाचा होता तो आठ-दहांत वाटला की मक्ता उरत नाही. ब्युनोस आयरेसच्या संघाचा सचिव मानुएल बेल्ग्रानो होता. तो शेती, शाळा आणि खुल्या व्यापारावर अहवाल लिहीत राहिला, सभासद व्यापारी त्याला विरोध करत राहिले, आणि १८१० च्या क्रांतीत तो थेट नव्या सरकारात जाऊन बसला. मेक्सिकोत उलटं झालं. सप्टेंबर १८०८ मध्ये गाब्रिएल दे येर्मो या बास्क व्यापाऱ्यानं तीनशेच्या आसपास माणसं घेऊन मध्यरात्री राजवाड्यात घुसून व्हाइसरॉयलाच अटक केली, कारण तो स्थानिकांच्या बाजूला झुकतोय असा संशय होता. कोन्सुलादोतली मंडळी त्याच्या मागे होती. अशा संघाला स्वतंत्र मेक्सिकोत जागा राहणार नव्हती. १८२७ मध्ये तो बंद झाला.

अकाउंटंट आहात म्हणून एक तपशील जास्तीचा. बिल्बाओच्या संघानं १७३७ मध्ये हुंडी, भागीदारी, दिवाळखोरी आणि हिशेबाच्या वह्या कशा ठेवायच्या यांचे नियम छापले होते. व्यापाऱ्यानं कुठल्या वह्या ठेवल्याच पाहिजेत आणि दिवाळं निघालं तर कुणाची लबाडी मानायची, हे त्यात कलमवार आहे. स्पेनशी लढून स्वातंत्र्य मिळवलेल्या देशांनी हे पुस्तक फेकून दिलं नाही. मेक्सिकोत, मधला थोडा काळ सोडला, तर १८८४ चा व्यापारी कायदा येईपर्यंत न्यायाधीश त्याच नियमांवरून निकाल देत होते.